उशिरा येणारा हात

चि. भुंगा हिस,

(वयाने तू चिरंजीव, पण कॉम्प्युटरच्या बाबतीत तुला तीर्थस्वरूप लिहायची पाळी माझ्यावर आली आहे. तेवढ्याने फुगू नकोस.)

अनेक आशीर्वाद. तुझी मान कशी आहे? दिवसभर स्क्रीनकडे बघून आखडते म्हणाली होतीस. उपाय मला विचारू नकोस, कारण हल्ली माझीही आखडलेली असते. आईबाबा खुशाल असतील. इकडे तुझी काकू गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर जिने चढायला लागली आहे. उड्या मात्र मारता येत नाहीत, आणि जन्मभर नाचलेल्या बाईला ‘जिने तर चढता येतात ना’ असं सांगून काही उपयोग नसतो. (मी एकदा सांगून पाहिलं. पुन्हा सांगणार नाही.)

तर काकूने ठरवलं की स्टुलावर बसून नाचायचं. पाय थकले असले तरी हात आणि चेहरा शाबूत आहेत. त्यांच्यावर कॅमेरे लावायचे, मागे मोठा पडदा, आणि कोणीतरी कॉम्प्युटरवर बसून ती सगळी चित्रं तिथल्या तिथे मिसळून पडद्यावर सोडायची. हा ‘कोणीतरी’ म्हणजे मी. माझी पात्रता काय, तर नोकरीभर नकाशे काढले, त्यामुळे चित्रावर चित्र ठेवायची मला सवय आहे, असं तिचं म्हणणं. म्हणूनच मी तुझा सल्ला मागितला होता आणि तू तो सविस्तर दिलास. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेलं मशीन घे, दिसण्यावर जाऊ नकोस, कॅमेऱ्याचं चित्र कॉम्प्युटरात घेणारी डबी चांगली घे, नाहीतर चित्र उशिरा पोचतं. आणि पैसे देण्याआधी कॅमेरे दुकानातच जोडून, समोर हात हलवून बघ. हे सगळं मी वाचलं होतं. वाचलं नाही असा आरोप करू नकोस.

पण दुकानात एक मशीन असं होतं की त्याच्या कीबोर्डखालून रंगीत उजेड यायचा, आणि रंग आपोआप बदलायचे. दुकानदार म्हणाला, “काका, यावर काहीही चालतं.” (चालतं, त्यात खोटं काहीच नव्हतं. कधी चालतं ते मी विचारलं नाही.) राहता राहिलं हात हलवणं. भर दुकानात, चार लोकांसमोर कॅमेऱ्याला टाटा करत उभं राहणं मला माझ्या वयाला शोभेना. त्याऐवजी मी ती डबी तळहातावर घेऊन तिचं वजन पाहिलं. चांगली जड होती.

तालमीत काकूने हात उचलला. पडद्यावरच्या हाताने थोडा विचार केला आणि मग तो उचलला गेला. काकूने हात खाली आणला, तर पडद्यावरचा अजून वरच. काय चाललंय म्हणून तिने मागे वळून पाहिलं, तेव्हा पडद्यावरची काकू अजून पुढेच बघत होती. काकू पुन्हा पुढे वळली, तेव्हा पडद्यावरची मागे वळून बघायला लागली. मी म्हणालो की मशीन नवीन आहे, जरा तापू दे. तेवढं मात्र त्याने मनावर घेतलं. आतला पंखा असा घोंघावू लागला की तालवाद्य वाजवणाऱ्या गृहस्थांनी हात थांबवून पाणी आलं का म्हणून विचारलं. त्यांना वाटलं इमारतीचा पंप सुरू झाला. मग मी एक कॅमेरा काढला, चित्र लहान केलं, सेटिंगमध्ये जे दिसेल ते बंद करत सुटलो. (त्यात एकदा पडदाच बंद झाला.) उशीर गेला नाही.

काकूने हात मांडीवर ठेवले. म्हणाली, “राहू दे. पुढे बसून नाचणारी बाई, मागे उशिरा नाचणारी बाई. हे बघायला लोक कशाला येतील?” हे ती रागावून म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. पण कार्यक्रम दुसऱ्याच दिवशी, आणि मशीन बदलून आणावं तर दुकानाची साप्ताहिक सुट्टी.

कार्यक्रमाला तिच्या जुन्या विद्यार्थिनींनी हॉल भरला होता. सुरुवातीला मी मान वर केलीच नाही, नजर कीबोर्डवर. मग लोक हसले. म्हटलं, झालं. वर पाहतो तर काकू हात उचलून थांबली होती आणि खांद्यावरून मागे बघत होती, वर्गात उशिरा आलेल्या मुलीकडे बघते तशी. पडद्यावरचा हात आला. काकूने मान डोलावली आणि पुढे गेली. त्यानंतर तिने त्या दुसरीला सोडलंच नाही. एक हात पुढे करून मागे घ्यायची, आणि तोच हात पडद्यावर पुढे आला की दुसऱ्या हाताने त्याला थोपवायची. कधी चिडवायची, कधी समजूत काढायची. शेवटी ती हात मांडीवर ठेवून डोळे मिटून अगदी स्तब्ध बसली, आणि तिच्यामागे तो मोठा हात अजून खाली उतरत होता. मी चष्मा काढून पुसला. (पंख्याची गरम हवा थेट डोळ्यांवर येत होती.)

नंतर एक दाढीवाले नाट्यदिग्दर्शक मला शोधत आले आणि काळाचा असा विचार तुम्हाला सुचला कसा, म्हणाले. मी म्हणालो, अनुभवाने सुचतं. त्यांनी त्यांच्या मोठ्या नाट्यगृहात याच कार्यक्रमाचं आमंत्रण दिलं आहे. तिथे फजिती नको म्हणून मी ते रंगीबेरंगी मशीन आणि ती जड डबी परत केली आणि तू लिहिलं होतंस तंतोतंत तसं सामान आणलं. या वेळी दुकानात हातही हलवला. दुकानदारानेही उलट हलवला. असो. तुझा सल्ला बरोबर होता, हे कबूल करण्यासाठीच हे पत्र.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि मधेच कुठेतरी असलेल्या तुझ्या बाबाला सांग की फोन केला तर तो उचलायचा असतो.

तुझा,
काका

ता. क. नवीन सामान काल जोडलं. काकूने हात उचलला की पडद्यावर त्याच क्षणी उचलला जातो, पापणी लवायचाही फरक नाही. काकू बराच वेळ हात वरखाली करत राहिली. मग म्हणाली, “ती कुठे गेली?” तर चित्र उशिरा कसं पोचवायचं ते लगेच लिही. उशीर पूर्वीइतकाच हवा. काकूच्या मते ती पडद्यावरची बाई रुसलेली होती, आळशी नव्हती, तेवढं सांभाळ. जुनं मशीन दुकानदाराने विकून टाकलं आहे.

ता. ता. क. उत्तर माझ्या फोनवर पाठव, काकूच्या नको. तो उशीर मी मुद्दाम, पूर्ण विचार करून ठेवला होता असं मी तिला सांगितलं आहे. तिचा विश्वास बसला असावा. हसली होती, पण हल्ली ती बरंच हसते.