तांबड्या पेशींतले चारशे बारा ठिपके

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे जिने चढू देतात का? भावजींचा खोकला अजून त्यांच्या आधी दार उघडायला येतो का? आम्ही मजेत आहोत. म्हणजे मी मजेत आहे. तुझी भाची माझ्याशी बोलत नाही. हिशेब सांगतो: शाईचे चारशे बारा ठिपके, त्यांच्यापायी रद्दीत गेलेले तीनशे तक्ते आणि लेकीचा दोन दिवसांचा अबोला. ठिपका एवढा महाग पडतो हे छापखान्यात उभा जन्म काढूनही मला ठाऊक नव्हतं.

झालं असं, की कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी 'माणसाचं रक्त' हा तक्ता छापायचा होता. चित्र लेकीचं, काम तिनंच मिळवलेलं, आणि "बाबा, याला हात लावायचा नाही" ही तंबीही तिचीच. पण मी पाहिलं तर पांढऱ्या पेशींत छान जांभळं केंद्रक, आणि तांबड्या पेशी साऱ्या रिकाम्या! म्हटलं, पोर घाईत विसरली. (माझ्या नजरेतून चूक सुटत नाही आणि माझ्यावाचून छापखान्यातलं पान हलत नाही, हे तू जाणतेसच.) बसलो, आणि एकेका पेशीत ठिपका देत गेलो. छापलेला तक्ता पाहून कॉलेजच्या बाईंनी विचारलं, "हे रक्त कुणाचं? बेडकाचं?" मी लगेच म्हणालो, मथळा बदलून देतो! त्या म्हणाल्या, बेडकाच्या पेशी लांबट असतात, या गोल आहेत. थोडक्यात, बाईंच्या ओळखीतल्या कुठल्याच प्राण्याच्या अंगात नसलेलं रक्त मी तीनशे प्रतींत काढलं होतं.

मग बाईंनी मला समोर बसवून शिकवलं. तू तीस वर्षं हेच शिकवलंस, पण एकदा छापखान्याच्या भाषेत ऐक. जिवाणू म्हणजे माझं पहिलं दुकान: एकच खोली, यंत्र, कागद, वह्या, अंथरूण सगळं उघड्यावर. पुढे कुणा पूर्वज पेशीनं आत पडदा घालून केबिन केली, तिला भोकं ठेवली आणि त्यांतून कामाच्या चिठ्ठ्या बाहेर धाडायला सुरुवात केली, तेच केंद्रक. (ही केबिन नेमकी कशी उभी राहिली यावरून विद्वानांचं अजून जुंपलेलं आहे.) डबक्यातल्या एका जिवाला तर केबिनी दोन: मोठी रोजच्या कामाला, धाकटी वंशाचे कागद जपायला. स्नायूच्या एकेका पेशीत शेकडो! आणि आपली तांबडी पेशी? ती तयार होता होता केंद्रकच बाहेर ढकलते, आत प्राणवायूचा जास्त माल मावावा म्हणून. मला इतकी गंमत वाटली की धावत छापखान्यात येऊन लेकीला सगळं सांगितलं. दोन दिवसांत ती एवढंच बोलली: "मग बाबा, तुम्ही कधी निघताय?" यंत्रामागे मशिनवाला खुदकन हसला. (त्याला वाटतं घरघरीत मला ऐकू येत नाही.) खरं सांगू? मीही हसलो.

तुझा,
धाकटा

ता. क. मला महिनाभर तुझ्याकडे बोलाव. आग्रहाचं पत्र छापखान्याच्या पत्त्यावर धाड आणि गुडघ्यांचं जरा वाढवून लिही. मी तुझ्यासाठी जातोय असं दिसलं पाहिजे. छापखान्यातल्या माझ्या केबिनची किल्ली लेकीच्या हातात द्यायला मला तेवढं निमित्त पुरे.

दुसरा ता. क. हे पत्र मी सकाळपासून घरी बसून लिहितोय. तेवढ्यात तक्ते नव्यानं छापून झाले, कॉलेजात पोचले, आणि भिंतीवर लागलेसुद्धा.