दाबाखालची नावं

४ मार्च, बर्मिंगहॅम
पोहोचलो. वय सत्तेचाळीस, बॅगा तीन, उत्साह वजनापेक्षा जास्त. काम असं: औषधाची पावडर साच्यात दाबली की गोळी होते, ती टिकेल की फुटेल, ते कॉम्प्युटरवर आधीच सांगायचं. थोडक्यात, पावडरचं भविष्य. माझं भविष्य तीन महिन्यांच्या प्रोबेशनवर. पास झालो की बायको निवेदिता आणि आमची लेक वरदा येणार. नापास, तर व्हिसाही गेला.

बॉस गिडियन. आजोळ मुंबईचं, बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. मराठी येते ती "माझा आजी असाच बोलायची" इतपत. माणूस गोड.

७ मार्च
मॉडेल अपूर्वचं. तो सध्या सिक लीव्हवर. पठ्ठ्यानं पॅरामीटर्सना तीन-तीन अक्षरी नावं दिलीत, खुलाशाची ओळ एकही नाही. पुणेकरच असणार. kan म्हणजे कण, उघड आहे. hat म्हणजे अंदाजाच्या आकड्यावर स्टॅटिस्टिक्सवाले काढतात ती टोपी. pay गिडियनच्या मते पेलोड, गोळीतला औषधाचा भार. आकडे वाढवत नेले की गोळी पक्की होते.

१२ मार्च
kan वाढवला. गोळी सुरेख. नंतर डाव्या कानानं ऐकूच येईना. मीटिंग चालू होती, त्यामुळे नुकसान काही नाही. फार्मसीतल्या बाईंनी ऑलिव्ह ऑइल घालायला सांगितलं.

२५ मार्च
pay वाढवला. निकाल इतके जुळले की गिडियननं केक आणला. बसमधून उतरताना उजवा पाय जमिनीला टेकला का, ते वाकून बघावं लागलं. दुखत नाही. अजिबातच नाही.

२७ मार्च
अपूर्वच्या बायकोला, अक्षयाला, फोन केला. kan म्हणजे कणच ना, विचारलं. म्हणाली, तो 'ण'साठी नेहमी कॅपिटल N काढतो, मेसेजमध्येसुद्धा.
"हा कान आहे."
मग शांतपणे म्हणाली, तो घरीच असतो. घट्ट झालाय. दुखत काही नाही.

hat हात. pay पाय. म्हणजे साच्यात मी—

२ एप्रिल
आकडे शून्यावर आणले. पाय तसाच. दाब काढला म्हणून गोळीची पावडर होत नाही, हे सांगायचाच मला पगार मिळतो. सगळं ऐकून गिडियननं सहानुभूतीनं वेलबीइंगचा, म्हणजे समुपदेशनाचा, नंबर दिला. राजीनामा लिहिला. मग वाचलं: नोकरी सुटली की साठ दिवसांत देश सोडायचा. ड्राफ्टमध्ये ठेवला.
hat अर्धाच वाढवला. डावा हात गेला. उजवा कामाला लागतो.

३ मे
man. मान की मन, अक्षयालाही सांगता येईना. वाढवला. मान वळतेय.
प्रोबेशन महिनाभर आधीच पास. निवेदिता फोनवर रडली, आनंदानं. मला—
तिकिटं काढली.

३१ मे
दोघी आल्या. हाफ-टर्म, शाळांना आठवडाभर सुट्टी. वरदा माझ्याबरोबर ऑफिसात. निवेदिता पोस्टात, व्हिसाची कार्डं आणायला.
फाइलमध्ये नवी ओळ. मी लिहिलेली नाही. mul.
गिडियन म्हणतो, मल्टिप्लाय असेल. तू फक्त रन दे.
खोडली. परत आली.
मूळ असेल. मूळ किंमत. पण 'ळ'ला अपूर्व कॅपिटल L काढत असेल तर हे मूल— अक्षया फोन उचलत नाही. भीती वाटायला हवी. आठवतंय, वाटायची.
क्लायंट लाइनवर. मूळच असेल. रन दिला.
वरदाला विचारलं, काही दुखतंय का.
"नाही बाबा. काहीच वाटत नाहीये."
तिचा हात माझ्या उजव्या हातात घेतला, आणि तो गोळीसारखा घट्ट—