नंबर दोनची कबुली

मी, केशव त्र्यंबक पैठणकर, वय ७८, हवाई दलातला निवृत्त लढाऊ वैमानिक, राहणार उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. रूपाली साळवे यांनी दिला आहे. सौ. अंबिकाचे मत वेगळे आहे, पण ते लग्नापासूनचे आहे.

१. राहते घर आणि बँकेतली सगळी ठेव अंबिकाची. त्यात कोणी नाक खुपसू नये.

२. स्कूटर नात मृण्मयीला. स्कूटरचे तिन्ही आरसे काढू नयेत. हवेत दर दहा सेकंदांनी मागे बघायचे, ही सवय मला जमिनीवरही राहिली. सप्तपदीतसुद्धा मी वळून बघत होतो. "मागं कोण येतंय हो सारखं? मीच तर आहे," असे अंबिका हळूच म्हणाली होती. एकदाच बघायचे राहिले. ते कलम ४ मध्ये.

३. सूर्य पाठीशी घेऊन हल्ला करावा, हा डाव मीच सोसायटीचे अध्यक्ष हिमांशू यांना चहा पिताना शिकवला. तेव्हापासून ते सभेत खिडकीला पाठ लावून बसतात आणि ऊन आमच्या डोळ्यांत. पाण्याच्या टाकीचा ठराव मी असाच हरलो. माझा गॉगल पुढे जो त्यांच्याविरुद्ध बोलेल त्याला द्यावा.

४. एकाहत्तरच्या युद्धात राजेंद्र वैजापूरकर सर माझे लीडर, मी त्यांचा नंबर दोन. नंबर दोनचे काम एकच: लीडरची पाठ राखायची, शिकार दिसली तरी जागा सोडायची नाही. मी सोडली. पळणाऱ्या विमानामागे लागलो. ते आमिष होते. दुसरे उन्हातून माझ्या शेपटीवर आले. सरांनी हातातली शिकार सोडली, वळले आणि त्याला हुसकावले. उतरल्यावर वरिष्ठांना म्हणाले, "मीच याला जा म्हणालो होतो." बोलणी त्यांनी खाल्ली, बढतीही त्यांचीच लांबली. मी गप्प बसलो. रेडिओ बंद पडला होता, असे मी सरांना सांगितले. ते खोटे होते. मला सगळे ऐकू येत होते. याची आजही लाज वाटते.

५. माझे मनगटी घड्याळ सरांना द्यायचे होते. पण ज्याला वस्तू द्यायची त्याची साक्ष घेऊ नये, असे मृण्मयी म्हणते, आणि ती वकील आहे. सर ब्याऐंशीचे, साक्षीदार तरुण हवा, असेही म्हणते. तरी घड्याळ राहू दे, साक्ष सरांचीच हवी. एकदा त्यांनी माझ्यासाठी खोटी दिली, आता खरी द्यावी.

स्थळ: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ७ डिसेंबर २०२५
सही: केशव त्र्यंबक पैठणकर

आम्हां दोघांसमक्ष सही झाली:

साक्षीदार १: डॉ. रूपाली कडुबा साळवे

साक्षीदार २: राजेंद्र भालचंद्र वैजापूरकर. कलम ४ वाचून सही केली. "मागे फिर" असे तीनदा ओरडलो होतो. रेडिओ ठीक असल्याचे मेकॅनिकने त्याच दिवशी सांगितले होते. केशवच्या तोंडून ऐकायला चौपन्न वर्षे थांबलो. घड्याळाला मृत्युपत्र कशाला? मी समोरच बसलो आहे, मनगटावरून काढून दे.