घड्याळजीला भाऊ भेटला का?

प्रिय ताई,

एकाही सिनेमाचा शेवट न पाहिलेली भावंडं म्हणजे आपण दोघं. गर्दीत चेंगरायला नको म्हणून बाबा दहा मिनिटं आधीच दंडाला धरून आपल्याला बाहेर काढायचे. हा अन्याय मी अजून विसरलेलो नाही.

काल आमच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये लहानपणी आपण अर्धवट सोडलेला तोच घड्याळजीचा जुना सिनेमा दाखवला. हल्लीच्या सिनेमांत माणसं एकमेकांना उडवतात, यात ती एकमेकांना शोधतात. घड्याळजी हरवलेल्या भावाच्या दारापाशी पोचला आणि आमचे मॅनेजर उठले. "चला, संपलंच आहे. कामाला लागा."

मी बाकावर चढलो. म्हटलं, "साहेब, तीस वर्षं मी या दारापाशी उभा आहे. ते उघडल्याशिवाय आज कुणी हलणार नाही."

कुणी हललं नाही. साहेबही बसले, आणि शेवटी त्यांनी डोळे पुसायला माझाच रुमाल मागून घेतला. नोकरी शाबूत आहे, काळजी नको. उद्या केबिनमध्ये बोलावलंय, पण हसून बोलावलंय.

बाबांच्या डोळ्यांवरची पट्टी कधी निघणार? डॉक्टर काय म्हणाले ते न लपवता लिही.

शेवट मी सांगणार नाही. चौकातल्या थिएटरात तो पुन्हा लागलाय ना? पट्टी निघाली की पहिल्याच रविवारी बाबांना घेऊन जा, रांगेच्या मधोमध बसव, आणि दिवे लागेपर्यंत त्यांच्या चपला स्वतःच्या पायाखाली दाबून ठेव.

शेवटपर्यंत बसलेला,
तुझा धाकटा