भिंतीवरच्या आत्याबाई

आत्याबाई, तुमची सून असून तुमच्या हयातीत मी तुम्हाला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. लिहिल्या असत्या तर तुम्ही त्या मामांकडून वाचून घेतल्या असत्या आणि निम्म्यातच "पुढचं ऱ्हाऊ द्या, कळलं मला" म्हणून उठून गेला असता. आज शाळेला सुट्टी आहे. समोर मोबाइलवर एका बाईंच्या आईचा फोटो आहे, त्यावरून पेन्सिलनं चित्र काढून द्यायचंय आणि सकाळपासून एक भुवईसुद्धा पुरी होत नाही. म्हणून तुमच्याशी बोलत बसलेय.

आपल्या त्या चित्राची सुरुवात तुमच्या थोरल्या जावेच्या फोटोपासून झाली. त्या गेल्या तेव्हा घरात त्यांचा एकच फोटो सापडला, रेशनकार्डावरचा. पोरांनी तो स्टुडिओत नेला आणि स्टुडिओवाल्यानं तेवढं तोंड कापून दुसऱ्याच बाईच्या धडावर बसवून दिलं. हिरवा शालू, गळ्यात बोटभर जाडीचे सोन्याचे सर, मागं बर्फाचे डोंगर. तुळजापूरच्या पुढं जन्मात न गेलेली बाई मेल्यावर काश्मीरला जाऊन बसली. तुम्ही त्या फोटोला नमस्कार केला, पण घरी येईपर्यंत कुणाशी एक शब्द बोलला नाहीत, आणि तुमचं गप्प बसणं ही आपल्या माकणी गावात बातमी होण्यासारखी गोष्ट होती. संध्याकाळी मी भाकरी थापत होते तेव्हा तुम्ही चुलीपाशी येऊन बसलात.

"तू शाळंत पोरांना चित्रं शिकवतीस म्हणं," तुम्ही म्हणालात. "मग माझं काढ. मी मेल्यावर ही लेकरं भिंतीवर काय लावणार हाईत, ते मला आत्ताच बघायचंय."

माझ्या हातातली भाकरी तव्यावर दुमडून पडली. लग्नाला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि तुमच्यासमोर माझी नजर तुमच्या जोडव्यांच्या वर फारशी जात नसे. तुमचा आवाज मला तीन गल्ल्यांवरून ओळखू यायचा. चेहरा मात्र मी नीट बघितलेलाच नव्हता. आणि आता तोच काढायचा होता, तोही हुबेहूब.

पुढच्या रविवारी तुम्ही ठेवणीतलं इरकल नेसून स्वयंपाकघरात पाटावर बसलात. मी समोर ड्रॉइंग बोर्ड मांडीवर घेऊन, पेन्सिलींना टोक काढून. नुसतं बसणं तुम्हाला जमणार नाही हे मला पहिल्या मिनिटातच कळलं. तुम्ही सुपात तूर घेतली निवडायला. मान खाली गेली. "आत्याबाई, वर बघा" म्हटलं की तुम्ही वर बघायचात, पण माझ्याकडं नाही, दारातून गोठ्याकडं, आणि तिथून शेळीला हाक मारायचात. माझा एक डोळा काढून व्हायचा तो सुपाकडं बघणारा आणि दुसरा निघायचा तो गोठ्याकडं बघणारा. तोंडाचं तर विचारूच नका. समोरचा दात पडलेला असल्यानं तो दिसता कामा नये, तोंड मिटलेलं काढ, असा तुमचा हुकूम होता. पण काढायला ते मिटायला तर पाहिजे. तुम्ही शेजारणीच्या सुनेबद्दल बोललात, धरणाच्या पाण्याबद्दल बोललात, माझी भाकरी एका बाजूनं जाड होते त्याबद्दल तर सविस्तर बोललात. दुपारपर्यंत माझ्या कागदावर कान, कपाळ आणि मधे मोठी मोकळी जागा होती.

मग मी हट्टाला पेटले. पेन्सिल उभी धरून, एक डोळा मिटून तुमच्या नाकाची लांबी मापायला लागले. भीती वाटायला सवडच नव्हती. हनुवटीची सावली कुठं संपते, डोळ्याखालची सुरकुती कुठून वळते, तेवढंच दिसत होतं. किती वेळ गेला कोण जाणे, आणि माझ्या लक्षात आलं की स्वयंपाकघरात आवाज नाही. सूप तुमच्या मांडीवर तसंच होतं. तुम्ही माझ्याकडं बघत होतात.

"एवढं निरखून मला कुणी बघितलं न्हाय," तुम्ही हळूच म्हणालात. "तुझ्या मामांनीसुदिक." आणि तोंड मिटलंत. मी घाईनं ओठ काढून घेतले, कारण असा योग पुन्हा येईल याचा मला भरवसा नव्हता.

चित्र दाखवलं तेव्हा मात्र मूळच्या आत्याबाई परत आल्या. नाकाखाली सावली दिली होती तर म्हणालात, मला मिशा फुटल्यात काय. पांढरे केस दाखवायला कागद कोरा सोडला होता, तर तुम्हाला वाटलं मी तुम्हाला टकली केली. मी समजावलं की पेन्सिलीत पांढरं नसतं, कागदच पांढरा असतो. ते तुम्हाला पटलं नाही, पण त्याहून मोठं संकट तुम्हाला दिसलं होतं: कपाळावर कुंकू काळं होतं. तुम्ही उठलात, देवघरातून करंडा आणलात, बोट ओलं केलंत आणि माझ्या इतक्या मेहनतीच्या कपाळावर खरं कुंकू टेकवलंत. सांगायला हरकत नाही, चित्राला त्यानंच जीव आला.

काच लावून आणल्यावर तुम्ही ते माजघरात टांगायला लावलंत. मामा म्हणाले, जिवंत माणसाचं तिथं लावत नाहीत. तुम्ही ऐकलं नाही. वर हार घातल्यावर कसं दिसतंय ते बघायचं म्हणून तुमच्या सासऱ्यांच्या फोटोवरचा चंदनाचा हार काढून त्यावर चढवलात, आणि तेवढ्यात गाय सुटली म्हणून गोठ्यात पळालात. नेमक्या त्याच वेळी नळदुर्गच्या मावशी, तुमची धाकटी बहीण, काही न कळवता एसटीनं आल्या.

त्यांनी दारातून भिंत बघितली आणि पिशवी टाकून हंबरडा फोडला. मला न सांगता कशी गेलीस गं अक्का, मला कडेवर घेऊन हिंडायचीस, माझ्या बाळंतपणात रात्रंदिवस राबलीस, तुझ्या हातची शेंगाचटणी आता मला कोण देणार. मी पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाले तर त्यांनी मलाच कवटाळलं. माझं तोंड त्यांच्या खांद्यात दाबलेलं, बोलणार काय. तोवर आवाज ऐकून तुम्ही शेणाच्या हातानं धावत आलात. बहीण रडतेय म्हणजे नळदुर्गात कुणी तरी गेलं असणार. आधी रडायचं आणि कोण गेलं ते मग विचारायचं, ही आपली रीत. तुम्ही मला बाजूला सारून मावशींच्या गळ्यात पडलात आणि त्यांच्यापेक्षा वरच्या सुरात सुरू केलंत. दोघी बहिणी एकमेकींना धरून रडताहेत, एक तुमच्यासाठी आणि दुसरी कुणासाठी ते तिचं तिलाच माहीत नाही, आणि मी मधे उभी, आधी कुणाला सांगावं या विचारात.

तुमच्या आवाजानंच गुंता सुटला. तो मावशींना ओळखू आला. त्या एकदम थांबल्या, तुमच्याकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं, आणि जी शिवी दिली ती मला शिक्षिका म्हणून इथं लिहिता येत नाही. सगळा प्रकार कळल्यावर तुम्ही पदरानं डोळे पुसलेत आणि पहिला प्रश्न काय विचारलात?

"व्हय गं, मगाशी काय काय म्हणत होतीस? मी गोठ्यात होते, नीट ऐकू आलं न्हाय. परत म्हण."

"आता मेल्यावरच ऐक," मावशी म्हणाल्या.

"मेल्यावर मला काय ऐकू येतंय, कप्पाळ."

तुम्ही त्यांना दोन दिवस जाऊ दिलं नाहीत. शेंगाचटणी कुटताना, शेतात जाताना, अंथरुणावर पडल्या पडल्या, एकेक आठवण काढून घेतलीत. मावशी आधी चिडून सांगायच्या, मग हसून, आणि शेवटी मी चहा घेऊन आले तेव्हा दोघींचेही डोळे भरलेले होते. मावशी परत गेल्यावर तुम्ही चित्र उतरवून ट्रंकेत ठेवलंत.

पुढं बऱ्याच वर्षांनी, ज्वारीच्या काढणीत, तुम्ही म्हणायचात तसं मामांच्या आधी, कपाळावरच्या कुंकवानंच गेलात. मावशी आल्या. उंबऱ्यात थांबून आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं संशयानं बघितलं. मग आत येऊन तुमचा हात हातात घेऊन बसल्या. बायका त्यांच्या विलापाची वाट बघत होत्या, पण मावशी नुसत्या रडल्या, त्यात बोल एक नव्हता. मी जवळ गेले तर मला म्हणाल्या, "काय म्हणू गं आता? समदं तिला सांगून झालंय."

हे पत्र कुठं धाडायचं नाही, चित्रांच्या कागदांत राहील. पण एक गोष्ट सांगते. तुमची भीती मला त्या रविवारीच वाटेनाशी झाली होती, नाक मापता मापता. पुढं इतकी वर्षं तुमचा आवाज आला की मी दचकून पदर सावरायची ना, ते सगळं नाटक होतं. तुम्हाला ते फार आवडायचं, म्हणून.