टाकीच्या पायपाला बांधलेली दोरी

२७ सप्टेंबर

पाच दिवसांनी नळाला पाणी आलं. घटस्थापनेच्या आत घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचंच, असा सासूबाईंचा हुकूम. नऊ चादरी धुतल्या! गच्चीवरची तार पुरेना, म्हणून दोरीचं एक टोक टाकीच्या पायपाला बांधलं आणि तीन ओल्या चादरी तिच्यावर टाकल्या. ओली सोलापुरी चादर म्हणजे काय वजन असतं! कंबर गेली माझी.

२८ सप्टेंबर

टाकी रिकामी! पायप चिरलाय, सगळं पाणी वाहून गेलं. आमचे घरमालक जोतिरामअण्णा ओरडत जिना उतरले ते थेट समोरच्या खोलीतल्या शिवबाईच्या दारात. "तूच काल घागर भरायला वर गेलतीस की! पायप मोडून ठिवलास. दसऱ्याच्या आत खोली खाली कर!"

शिवबाई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. "अण्णा, मी पायपाला हात बी लावला न्हाय वो." ऐकतंय कोण! अकरा वर्षं राहतेय ती इथं. एकट्या बाईला हाकलायला एवढी घाई?

मी दारातच उभी होते. नंतर गच्चीवर जाऊन पाहिलं. माझ्या दोरीची गाठ जिथं होती, तिथंच चीर आहे.

२९ सप्टेंबर

दिग्विजयला सांगितलं. नवरा माझा भाकरी कुस्करत म्हणाला, "तू गप बस. आपल्याला बी बाहेर काढतील. आईला घिऊन कुटं फिरायचं?"

म्हणजे शिवबाईनं फिरायचं! तिचे गुडघे दुखत नाहीत का? असा राग आला — त्याचा, अण्णांचा आणि सगळ्यात जास्त माझा. परवा शेजारच्या पोरांनी काच फोडली, तेव्हा खरं बोला म्हणून त्यांना केवढं ऐकवलं होतं मी!

३० सप्टेंबर

शिवबाई दुपारी कळशी घेऊन आली. "टाकी बंद हाय न्हवं? घ्या, तुमच्यात म्हातारं मानूस हाय." स्वतःच्या साठवणीतलं पाणी! वर मलाच विचारते, "कुटं खोली असली तर बघताव का वो?"

मी कळशी घेतली. बघते म्हणाले. लाज वाटली, पण घेतली.

१ ऑक्टोबर

बास झालं. उद्या अण्णांना सांगणार. गेली खोली तर जाऊ दे!

२ ऑक्टोबर

सांगितलं. अण्णा हसले!

"अगं, दिग्विजय तीन दिवसांमागंच सांगून गेलाय की. मीच म्हनलं त्याला, तुमी खुशाल राहा, फकस्त गप बसा. ती खोली पुतण्याला पायजे मला."

तीन दिवस! तीन दिवस हा माणूस माझ्यासमोर बसून जेवतोय.