आप्पांची भुईआवळी

३ नोव्हेंबर २०१४
निघालं! भुईआवळीनं यकृतावरचे व्रण भरतात! आधी विष देऊन उंदरांची यकृतं खराब केली, मग निम्म्यांना महिनाभर अर्क पाजला. आज सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं – अर्कवाल्यांची यकृतं जवळपास स्वच्छ, बाकीच्यांत नुसती जाळी! तीनदा खात्री केली. चार वर्षं कॉलेजात सगळे मला पालेवाली म्हणतात. म्हणू देत.
घरी येऊन आधी आप्पांना सांगितलं. त्यांचंही यकृत असंच झालंय – काविळीनं, आयुष्यात दारू न शिवता.

४ नोव्हेंबर
आप्पांनी पुण्याच्या ऑपरेशनला नकार दिला. माझा भाऊ, बद्री, अर्धं यकृत द्यायला तयार, तपासण्या झालेल्या, तारीख ठरलेली. "पोरीचं औषध हाय की," म्हणाले. डॉक्टर चिडले – उशीर केलात तर ऑपरेशन झेपणार नाही. मी आप्पांना अडवलं नाही. खरं सांगायचं तर फुशारले होते.

११ नोव्हेंबर
रोज सकाळी एक पेला. पायांची सूज कमी वाटते. की मलाच तसं दिसतंय?

१९ नोव्हेंबर
पोटात पाणी झालंय. डोळे हळदीसारखे. दोन पेले सुरू केले. गुण येऊ दे रे देवा!

२१ नोव्हेंबर
प्रबंधासाठी नोंदवही चाळत होते. ऑक्टोबरात आप्पा दवाखान्यात होते, तेव्हा आठ दिवस उंदीर प्रयोगशाळेतल्या मुख्तारभाईंनी सांभाळले. पिंजरे कमी, म्हणून दोन्ही गट एकत्रच ठेवलेले. ओळखायला अर्कवाल्यांच्या पाठीवर तेवढा पिवळा रंग. तो मधेच उडाला आणि त्यांनी पुन्हा लावला, असं वहीत दिसलं. कुणाला लावला, म्हणून विचारलं.
"जो तंदुरुस्त दिखे उनकोच लगाया, मॅडम. दवाई उनकोच मिली होगी ना."
म्हणजे जे आपले आपण सावरले, तेच मी औषधाचे धरून बसले! मुख्तारभाईंवर काय चिडू? त्यांनाही गुण यावा असंच वाटत होतं. सगळा निकाल मातीत. आणि तिकडं बद्रीनं ऑपरेशनची रजा रद्द केलीय.

२२ नोव्हेंबर
तोंड उघडवत नाही. मीच मारतेय त्यांना.

२३ नोव्हेंबर
सांगितलं. रडत रडत, सगळं. आप्पांनी हातातला पेला खाली ठेवला.
"मला कुठं वाटत व्हतं गुण येईल म्हणून? बद्रीला दोन लेकरं हायत. त्यानं माझ्यापायी पोट फाडून घेऊ नाय, म्हणून पीत व्हतो. त्याला यातलं काय बोलू नको."
त्यांच्यासमोरच बद्रीला फोन लावला.